सिस्टरनी माफ केलं नव्हतं

"आहेत ना अजून?"

सकाळी चुलीतली राख टाकायला अंगणात आल्या की सिस्टर मला हे विचारायच्या. नमस्कार नाही, चहा झाला का नाही. हातात राखेचं घमेलं, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे, चेअरमनच्या घराच्या कौलांवर.

"आहेत," मी म्हणायचो. "खोकत होते मघाशी."

"खोकू द्या. खोकणारा माणूस जातोय कुठे?" असं म्हणून त्या राख केळीच्या बुंध्यात ओतायच्या आणि समाधानाने घरात जायच्या.

चेअरमन म्हणजे त्यांचे थोरले दीर. सिस्टरचा हा प्रश्न आळीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलेला. किती ती काळजी दिराची, असं त्या एकमेकींना सांगायच्या. सिस्टर गेल्या तेव्हा शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली, तिथे उभं राहून मीही तेच बोललो. "ज्यांनी त्रास दिला त्यांनाही सिस्टरनी मोठ्या मनाने माफ केलं," असं म्हणालो. माझा आवाज मोठा. डहाणूच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून नोकरी संपवली, कर्णा बंद पडला तरी गाडी कुठे लागली ते लोकांना माझ्या घशातून कळायचं. शोकसभेत टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून लोकांनी डोळे पुसले.

ते खोटं होतं. सिस्टरनी कोणालाही माफ केलेलं नव्हतं. त्यांच्यासारखी डूख धरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तो डूख धरायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्या गेल्यावर त्यांच्या अंगावर क्षमेची शाल पांघरली ती मी. ती ओढून काढण्यासाठी हे लिहितो आहे. चेअरमनच्या मुलांना राग येईल. यावा.

आमचं गाव तलासरी तालुक्यात, डहाणूच्या हद्दीला चिकटून. तुम्ही कधी खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात गेला असाल तर अशी एखादी सिस्टर तुम्हीही पाहिली असेल. आधी खेकसणार, मग कपाळाला हात लावून ताप बघणार. आमच्या सिस्टर निवृत्त झाल्यावरही खेकसायच्या. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. त्यामुळे पांढरे कपडे घालून ऐटीत येणाऱ्या सरपंचालाही त्या चारचौघांत "आलास का, पायाळू?" अशी हाक मारायच्या, आणि तो बिचारा हसून मान खाली घालायचा.

विसरणं त्यांना जमत नसे. वाण्याने कधीकाळी त्यांना ओलसर साखर दिली होती. पुढे वाण्याच्या सुनेचे दिवस भरले. सिस्टरनी सगळं नीट पार पाडलं, मूल पुसून बाहेर आणलं आणि आजोबांच्या हातात ठेवताना म्हणाल्या, "घ्या. कोरडं करून दिलंय. आम्ही ओला माल देत नाही."

पण सायकलची गोष्ट साखरेची नव्हती.

तरुणपणी त्या उपकेंद्रावर लागल्या तेव्हा पाडे लांब लांब आणि रस्ते नावाला. डहाणूच्या एका चिकूवाडीत एक इराणी म्हातारी राहायची. तिची विलायतेहून आलेली लेडीज सायकल सिस्टरनी जुन्यात घेतली. काळी, जड, बाकदार दांड्याची. हँडलच्या पुढे त्यांनी लोहाराकडून एक लोखंडी कडी बसवून घेतली, लशीचा थर्मास तिच्यात उभा राहावा म्हणून. तशी कडी दुसऱ्या कुठल्या सायकलला मी पाहिली नाही. पाड्यावर सायकल दिसायच्या आधी घंटी ऐकू यायची आणि बायका पोरांना काखेला मारून बाहेर यायच्या.

चेअरमनना ते खपलं नाही. गावच्या सोसायटीचे चेअरमन, डोक्यावर टोपी, ओट्यावर सदा चार माणसं. "आमच्या घरातली बाई पॅडल मारत गावभर फिरते," हे त्या ओट्यावर आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. सिस्टर बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि मूल घेऊन परत आल्या, तेव्हा पडवीत सायकल नव्हती.

"विकली," दीर म्हणाले. "देवाने पाय दिलेत की."

सिस्टरचे यजमान, म्हणजे चेअरमनचे धाकटे भाऊ, काही बोलले नाहीत. ते जन्मभर काही बोलले नाहीत, आणि तसेच न बोलता लवकर गेले.

त्याच पावसाळ्यात वरच्या पाड्यावरून निरोप आला की बाई अडली आहे. सिस्टर चालत निघाल्या. ओहोळ भरलेले, वाट चिखलाची. पोचल्या तेव्हा बाई गेली होती आणि पोटातलं मूलही. पिशवी न उघडता त्या परत आल्या.

चौकशी लागली. साहेब लोक आले आणि जेवायला चेअरमनकडेच उतरले. तिथल्या ओट्यावर, पाड्यावरच्या माणसांदेखत, सिस्टर म्हणाल्या, "सायकल असती तर मी वेळेवर पोचले असते. ती यांनी विकली."

चेअरमन पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठली सायकल? हिच्याकडे सायकल होती कधी?"

ओट्यावर कोणी बोललं नाही. सोसायटीतून प्रत्येकाला काही ना काही लागायचं. मी त्या दिवशी डहाणूला ड्यूटीवर होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. गावात असतो तर बोललो असतो का, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

सिस्टरची बदली झाली, पार जव्हारच्या पलीकडे. पुष्कळ वर्षांनी त्या परत आल्या. मेलेल्या बाईचा नवरा, वरच्या पाड्यावरचा वारली, त्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. वाटेत त्या समोरून दिसल्या की तो रस्ता सोडून शेतात उतरायचा. त्याच्या लेखी सिस्टर रमतगमत आल्या आणि त्याची बायको गेली. दिराच्या खोटेपणापेक्षा सिस्टरना हे शेतात उतरणं जास्त लागायचं.

"मला भाऊजींकडून काही नको," त्या मला म्हणाल्या होत्या. "जमीन नको, हिस्सा नको. त्या माणसासमोर त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं, सायकल मी विकली. एवढं ऐकल्याशिवाय मी त्यांना जाऊ देणार नाही."

पालघर जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. सिस्टर आणि मी नरपडला सुकी मासळी घ्यायला गेलो होतो. एका मासळीवालीच्या अंगणाला कुंपण होतं. बांबू, जुन्या जाळ्याचे तुकडे आणि मधेच सायकलचा एक सांगाडा. त्यावर बोंबील वाळत घातलेले. सिस्टर भाव करता करता थांबल्या. सांगाड्याजवळ गेल्या, बोंबील बाजूला सारले आणि एका गंजलेल्या कडीत बोट घातलं. कडीत मासळीवालीने पाणी प्यायचा तांब्या ठेवला होता.

"काय बघता, बाय? सुके बोंबील इकडे हायत," मासळीवाली म्हणाली.

"ही कुठून आणलीत?"

"सासऱ्यानं आणलेली, टोपल्या न्यायला. वाडीवरच्या मुकादमाकडनं."

"आणि मुकादमाने?"

"तुमच्या तलासरीकडचा कोण चेअरमन, त्यानं विकलेली म्हणं. चेअरमनच्या घरची सायकल म्हणून सासरा जाम मिरवायचा."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "ऐकलंत ना, कंट्रोलर?"

"ही मला द्या," त्या मासळीवालीला म्हणाल्या.

"नि माझं कुंपण?" तिने कमरेवर हात ठेवले. "कुत्री येऊन माल नेतील, तुम्ही येणार राखायला?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी आपल्या अंगणाचं लोखंडी फाटक उपटून टेम्पोत घातलं आणि नरपडला पाठवून दिलं. तिथून पुढे त्यांच्या घराला फाटक राहिलं नाही. शेळ्या येऊन तुळस खायच्या. "खाऊ दे," सिस्टर म्हणायच्या, "खोकला होणार नाही त्यांना."

मी सुचवलं होतं की त्या मासळीवालीलाच आणून चेअरमनसमोर उभी करू. सिस्टर म्हणाल्या, "माझं कोणी ऐकलं नाही, तिचं कोण ऐकतंय? आणि हा सांगाडा नेला तर म्हणतील, भंगार आहे. नाही. जशी होती तशी करायची. काळी. घंटीसकट. मी तिच्यावर बसून जाणार. बघणाऱ्याला ओळखावीच लागली पाहिजे."

सायकल दुरुस्तीतलं त्यांना काही येत नव्हतं. मला तर चाकात हवा भरण्यापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. मग सिस्टरनी त्यांना येत होतं ते केलं. सांगाडा पडवीच्या वाशाला दोरीने टांगला, मोडका पाय टांगतात तसा. खाली धुतलेली चादर अंथरली. अडकलेल्या नटांना रॉकेलमध्ये भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या. चाकाच्या हबात तेल सोडायला इंजेक्शनची सिरिंज. बेअरिंगचे छर्रे चिमट्याने उचलायचे आणि स्टीलच्या वाडग्यात ठेवायचे.

"हात धुतलेत?" मी पडवीत पाय ठेवला की त्या विचारायच्या.

"सायकलला कसले जंतू लागणार, सिस्टर?"

"मग हा गंज म्हणजे काय आहे?"

मूळची चामड्याची सीट मासळीवालीच्या माळ्यावर सापडली होती. फाटलेली नव्हती, फक्त लाकडासारखी कडक. सिस्टरनी ती मोठ्या पातेल्यात घालून उकळली. निर्जंतुकही होईल आणि मऊही पडेल, असा हिशेब. बाहेर काढली तेव्हा ती वळून आखडून सुक्या बोंबलासारखी झाली होती. सिस्टर ती चिमट्यात धरून बघत राहिल्या. मला हसू आवरेना.

"हसा," त्या म्हणाल्या. "बघून ठेवलंय." त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याकडचा चहा मला बिनसाखरेचा मिळाला.

रिमांसाठी आम्ही डहाणू रोडला गेलो. गुजराती दुकानदाराने सांगाड्याचा फोटो पाहिला आणि मान हलवली. "बेन, आ तो भंगार छे. नवी घ्या ना."

"तुझी आई आहे घरी?" सिस्टरनी विचारलं.

"छे ने. ऐंशीची झाली."

"मग नवी आणलीस का?"

दुकानदाराने मुकाट्याने माळ्यावर चढून रिमा काढून दिल्या.

इकडे सायकल भरत होती आणि तिकडे चेअरमन खंगत होते. पायाला सूज, दम लागणं, जेवण तुटलेलं. मुलं पंचाईतीत, कारण म्हातारा औषध थुंकून टाकायचा. एका सकाळी मी सांगितलं, "सिस्टर, आज काही बरं दिसत नाही," तर त्यांचं तोंड पांढरं पडलं. हातातलं घमेलं तिथेच ठेवून त्या तडक दिराच्या घरात शिरल्या. त्या उंबऱ्यात त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

मी मागोमाग होतोच. सिस्टरनी आधी उशाजवळची लोणच्याची बरणी उचलून सुनेच्या हातात दिली. "हे यांना कोण देतं? मारायचंय का?" मग नाडी बघितली, गोळ्यांची पाकिटं ओतून वेगळी केली, आणि थोरल्या मुलाला, जो स्वतः आजोबा झालेला, असं झापलं की तो भिंतीला चिकटला. त्या दिवसापासून त्या रोज जायला लागल्या. मुगाचं पातळ पाणी, नाचणीची पेज, वेळच्या वेळी गोळ्या. चेअरमननी तोंड मिटलं तर नाक दाबून.

"आता पुरे झालं," चेअरमन एकदा कुजबुजले. त्यांचा आवाज तोवर बसला होता. "मला जाऊ दे."

"असं कसं जाता, भाऊजी?" सिस्टरनी चमचा पुढे केला. "माझं काम आहे तुमच्याकडे."

थोरला मुलगा सिस्टरच्या पाया पडला, म्हणाला, "काकू, तुमचे उपकार." बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "उपकार कसले? माझं मडगार्ड बसायचंय अजून."

गावाला यातलं मडगार्ड दिसत नव्हतं, पेज दिसत होती. गाव गहिवरलं. हे सारं खुन्नसीपोटी चाललंय हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला त्याची गंमत वाटायची. एकदा मात्र सिस्टर चेअरमनच्या पायावर बोट दाबून पाहत होत्या. खड्डा पडला नाही. "सूज उतरली," असं त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ते कशाने भरले, हे मी ठरवणार नाही. मी एकदा ठरवून बसलो, तेवढं पुरे.

मग २०१८च्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडची माणसं तो हिवाळा विसरणार नाहीत. आधी जमिनीच्या पोटात गुरगुर, मग धक्का, मग कौलांचा खडखडाट. सिस्टरच्या पडवीत टांगलेल्या सायकलला घंटी बसली होती. कौलं वाजायच्या आधी ती किणकिणायची. शेजारपाजारचे घराबाहेर येऊन विचारायला लागले, "सिस्टर, वाजली का?" एकदा तुळशीसाठी आलेली शेळी चाकाला अंग घासून गेली. घंटी वाजली आणि अर्धी आळी भाकऱ्या तव्यावर टाकून रस्त्यावर. सिस्टर पडवीत उभ्या राहून ओरडल्या, "अहो, शेळी होती, शेळी!" तरी कोणी आत जाईना.

घरात बसायची भीती, म्हणून सगळ्यांनी शाळेच्या पटांगणात संसार मांडले. ताडपत्र्या, तंबू, चुली. चेअरमनची खाट चिंचेखाली आणून ठेवली. वरच्या पाड्याची घरं तडकली, तिथलीही माणसं खाली आली. त्यांच्यात तो वारली म्हातारा होता. पटांगणाच्या कडेला पाठ करून बिडी ओढत बसायचा.

सिस्टरनी एका सकाळी हे सगळं नजरेखालून घातलं. "कंट्रोलर," त्या म्हणाल्या, "सगळा गाव उघड्यावर. कोणाला दार लावून घेता येणार नाही."

"पण सिस्टर, ब्रेक बसलेले नाहीत."

"मला कुठे मधे थांबायचंय?"

मी पुढे जाऊन चेअरमनच्या उशाशी बसलो. थोड्या वेळाने घंटी ऐकू आली. धक्का समजून माणसं उठून उभी राहिली, आणि शाळेच्या फाटकातून सिस्टर आल्या. पांढरी साडी, पांढरे बूट, खाली काळीभोर सायकल, पुढे कडी, कडीत थर्मास. जराशा डगमगत, पण ताठ. चुली चुकवत, पोरांना हाकलत.

"अगं बाई, ही तर सिस्टरची सायकल!" एक म्हातारी ओरडली. "हो, हीच ती. थर्मासवाली," दुसरी. "इराण्याकडची," तिसरा. चेअरमनच्या ओट्याशी त्या दिवशी जमलेलेच हे लोक. चौकशीला एकालाही न आठवलेली सायकल त्या सकाळी सगळ्यांना लांबून ओळखू आली.

ब्रेक नव्हते, त्यामुळे सायकल खाटेच्या पायावर आदळूनच थांबली. सिस्टर उतरल्या. श्वास घेतला. हँडल चेअरमनच्या छातीजवळ आणलं.

"भाऊजी, ही कोणाची?"

चेअरमननी हात उचलला. बोट त्या कडीवरून फिरवलं.

"काकू, आत्ता नको," थोरला मुलगा म्हणाला.

"तू गप्प. भाऊजी, ही विकली कोणी?"

कडेला बसलेला वारली म्हातारा वळला होता. बिडी हातात, नजर खाटेवर. चेअरमनचे ओठ हलले. आवाज नव्हताच. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

ते म्हणाले, "सायकल मी विकली. बाई त्यामुळे मेली."

हे मी स्वच्छ ऐकलं. बाकी कोणाला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणाले, कंट्रोलर?" मागून कोणीतरी विचारलं. "मोठ्याने सांगा की!"

मी मान वर केली. मुलांची तोंडं पाहिली. आसवं काढायला तयार असलेल्या बायका पाहिल्या. चांगलं चाललेलं, सगळं गोड व्हायच्या बेतात. आणि मी माझ्या त्या स्टँडवरच्या आवाजात म्हणालो, "माफ कर म्हणतायत!"

एवढंच. मला कोणी धमकी दिली नव्हती, मला काही मिळणार नव्हतं. मला फक्त ते वाक्य चारचौघांत उच्चारायचा संकोच वाटला. भल्या माणसाचा संकोच. चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. त्यांनी डोकं हलवलं, नाही नाही असं, पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर बायका रडायला लागल्या होत्या, मुलगा सिस्टरच्या पायांवर होता आणि कोणीतरी शाळेतल्या तसबिरीचा हार काढून सायकलला घातला होता.

वारली म्हाताऱ्याने बिडी जमिनीवर विझवली. उठला आणि चढ चढून निघून गेला. सिस्टर तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

"हेच म्हणाले?" त्यांनी मला विचारलं.

"हेच."

त्यांनी हार काढून खाटेवर ठेवला आणि सायकल हाताने ढकलत घरी नेली.

दुसऱ्या दिवसापासून त्या चेअरमनकडे गेल्या नाहीत. पेज नाही, गोळ्या नाहीत. मला सकाळी काही विचारणंही बंद झालं. राख ओतायच्या आणि आत जायच्या. होळीच्या आधीच चेअरमन गेले. सिस्टर मयताला आल्या नाहीत. त्यांना सोसलं नसेल, असं लोक म्हणाले. मी ते ऐकून घेतलं.

त्या पावसाळ्यात सिस्टरही आजारी पडल्या. स्वतःची नाडी स्वतः बघायच्या आणि घड्याळाकडे पाहून तोंड वाकडं करायच्या. मी जाऊन बसायचो. एकदा म्हणाल्या, "कंट्रोलर, तुमचे कान चांगले आहेत ना?"

"आहेत की."

"ठीक," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्यांच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि घरी आलो. त्या आठवड्यातच त्या गेल्या.

शोकसभेतलं माझं भाषण वर सांगितलंच. ते चेअरमनच्या मुलांना इतकं आवडलं की, सिस्टरचा मुलगा घराला कुलूप लावून आपल्या नोकरीवर परत गेल्यावर, त्यांनी सिस्टरची सायकल आपल्या ओट्यावर नेली. बापाच्या फोटोखाली उभी केली, दोघांना मिळून एकच लांब हार. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, ही बघा आमच्या काकूंच्या क्षमेची खूण. मलाही एकदा बोलावून दाखवली. मी घरी आलो, काठी घेतली आणि वरच्या पाड्याची वाट धरली.

वारली म्हातारा अंगणात वाल सोलत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चेअरमन काय म्हणाले, मी काय सांगितलं. त्याचं बोलणं वारलीत, मी आपल्या मराठीत लिहितो.

"सिस्टरला सांगितलंस हे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

त्याने हातातले वाल सोलून संपवले. सालं गोळा करून कोंबड्यांना टाकली. मग उठला.

"चल," म्हणाला.

"कुठे?"

"त्या ओट्यावर. तुझा आवाज मोठा आहे ना?"

संध्याकाळची वेळ, ओट्यावर माणसं होती. मुलांनी हसून खुर्च्या पुढे केल्या. म्हातारा बसला नाही, म्हणून मीही बसलो नाही. सून चहा घेऊन येत होती. मी घसा मोकळा केला आणि रस्त्यापलीकडच्या घरांनाही ऐकू जाईल असा बोललो. "सायकल चेअरमनने विकली. सिस्टर चालत गेल्या म्हणून याची बायको मेली. चेअरमन मरायच्या आधी हे माझ्या कानात बोलला. माफी त्याने मागितली नव्हती आणि सिस्टरनी ती दिली नव्हती. ती मी बनवून सांगितली."

सून दारातच थांबली. थोरला मुलगा उठला. "काका, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?"

"सिस्टरही गेल्यात," मी म्हणालो. "त्यांच्याबद्दल खोटं तर त्या जिवंत असल्यापासून तुम्ही बोलताय."

म्हाताऱ्याने हाराचं एक टोक फोटोवर राहू दिलं आणि दुसरं सायकलवरून काढलं. सायकल ओट्यावरून खाली उतरवली. त्याला कोणी अडवलं नाही. चालवता येत नव्हतीच, तो हँडल धरून ढकलत निघाला. मी मागे.

सिस्टरच्या घराशी तो वळला. सायकल पडवीत नेऊन भिंतीला टेकवली. दाराचं कुलूप हाताने एकदा हलवून पाहिलं, आत कोणी असेल तर कळावं तसं. मग पायरीवर, दाराकडे तोंड करून, बसून राहिला.

मी रस्त्यावर उभा होतो. त्याने मला आत बोलावलं नाही.